व्हाळावरचा साकव

आमच्या ठिकाणातून एक व्हाळ वाहतो. फेब्रुवारीत त्यात पाऊलही भिजत नाही. गोट्यांवरून उड्या मारत पोरं पलीकडे जातात, गुरं उतरतात, आंब्याच्या दिवसांत पेट्या डोक्यावर घेतलेली माणसं सरळ पात्रातून चालतात. जूनचा दुसरा आठवडा उजाडला की तोच व्हाळ ठिकाणाचे दोन तुकडे करतो. अलीकडे घर, विहीर, गोठा. पलीकडे पोफळी, काजू, थोडं रान आणि भाताचे दोन कुणगे. ऐन लावणीत पलीकडे जायचं तर खाली गावाच्या मोरीपर्यंत जाऊन पुन्हा चढून यावं लागतं. पाऊण तास मोडतो, आणि डोक्यावर तरव्याची मूठ असेल तर तो पाऊण तास फार लांब असतो.

आजोबा दर वर्षी मृगाच्या आधी पोफळीची दोन खोडं आडवी टाकायचे, एका अंगाला बांबूचा आडवा बांधायचे, आणि दिवाळीनंतर ते सगळं सोडवून मांगराच्या पडवीत ठेवायचे. मला ते दर वर्षीचं काम वाया गेल्यासारखं वाटायचं. म्हणून बाग माझ्याकडे आल्यावर मी ‘कायमचा’ पूल बांधला. सागाच्या तुळया, जाड फळ्या, आणि तुळया झुकू नयेत म्हणून पात्राच्या मधोमध चिऱ्यांचा एक खांब. तो दोन पावसाळे टिकला. तिसऱ्या वर्षी आषाढातल्या एका रात्री पाऊस धो धो कोसळला, आणि सकाळी खांब नव्हता, तुळया नव्हत्या, डाव्या काठाचा चार हात तुकडाही नव्हता. आमच्या गावचे वयस्क सुतार बघायला आले. बराच वेळ काठावर उभे राहून त्यांनी एवढंच म्हटलं, “पाणी खंयपर्यंत येता ता आधी बघ. वासो मागसून बघ.”

हे प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे. घरचा पूल बांधायला निघालेला माणूस आधी लाकडाचा विचार करतो: किती जाड, किती लांब, माझं वजन पेलेल का. वजनाचा प्रश्न खरं तर सगळ्यात सोपा असतो. असे पूल माणसांच्या भाराने क्वचितच मोडतात. ते पाण्याने जातात, आणि बहुतेकदा खालून जातात.

आधी शब्दाविषयी थोडं. कोकणात अशा छोट्या पुलाला साकव म्हणतात, गोव्यात सांकव. खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि मलनाडात त्यालाच संक म्हणतात, पायी जाण्याचा तो कालुसंक. संस्कृतात ‘संक्रम’ हा शब्द पूल या अर्थाने येतो आणि या सगळ्या शब्दांच्या चेहऱ्यांत त्याची खूण दिसते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत हा एकच शब्द थोडाथोडा बदलत जातो, कारण गरजही एकच आहे. डोंगर समुद्राला खेटून आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो. प्रत्येक वाडीला दोन-तीन व्हाळ, आणि प्रत्येक व्हाळाला पलीकडचा काठ. आज जिल्हा परिषदेच्या कागदांतही ‘साकव’ हाच शब्द आहे, फक्त तो साकव आता काँक्रीटचा असतो.

आता पाण्याकडे येऊ. व्हाळाला किती पाणी येतं हे अंदाजाने ठरवू नये. हिशेब सोपा आहे. आपल्या जागेच्या वर ज्या उतारांवरचं पाणी या व्हाळात येतं, ते क्षेत्र किती, हे आधी बघायचं. समजा ते पन्नास हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकराच्या आसपास आहे. कोकणात तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस हा दुर्मीळ असला तरी अशक्य नाही. पन्नास हेक्टरांवर असा तासभर पाऊस पडला की ५०,००० घनमीटर पाणी झालं. त्यातलं काही मुरतं, काही झाडापानांवर अडतं. श्रावणात जमीन आधीच तुडुंब असते, तेव्हा दहातले सहा भाग वाहून आले असं धरू. ते तासाभरात वाहून जायचं तर सेकंदाला सव्वाआठ घनमीटरांहून थोडं जास्त, म्हणजे सव्वाआठ टन पाणी. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटर असेल तर त्याला वाहायला चार चौरस मीटरांहून थोडी जास्त जागा लागेल: चार मीटर रुंद आणि मीटरभर खोल. मे महिन्यात ज्या व्हाळात घोटाभरही पाणी नसतं, त्यात आपल्या कमरेच्या वर पाणी येतं ते असं.

हा हिशेब झाला की काठावर जाऊन तो पडताळायचा. पूर आपली सही ठेवून जातो. करवंदीच्या जाळीत अडकलेलं सुकं गवत आणि पालापाचोळा किती उंचीवर आहे? झाडाच्या बुंध्यावर गाळाची रेघ कुठवर चढली आहे? काठावरच्या कोणत्या झाडाची मुळं उघडी पडली आहेत, आणि कोणत्या बाजूने? मग वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, आणि त्यातही ज्यांची गुरं कधी पलीकडे अडकली होती त्यांना आधी, कारण त्यांना ती रात्र हातभर मापाने आठवते. या सगळ्यांतून जी सर्वांत वरची खूण निघेल, तिच्यापासून निदान दोन फूट वर तुळईची खालची कड हवी. माझा पहिला पूल त्या खुणेच्या खाली होता. काठापासून काठापर्यंत सरळ रेषेत तो छान दिसायचा, आणि पाणी त्याच रेषेतून येणार होतं.

जागा निवडताना डोळा अरुंद भागाकडे ओढला जातो, कारण तिथे तुळई लहान पुरते. पण अरुंद भागात तेच पाणी जास्त उंच आणि जास्त वेगाने जातं. वळणही टाळावं: वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ खात असतं, आतल्या अंगाला गाळ टाकत असतं, म्हणजे दोन्ही काठ चालते असतात. चांगली जागा म्हणजे व्हाळ सरळ जातो ती, आणि शक्य तर दोन्ही बाजूंना कातळ उघडा पडलेला आहे ती. कातळ मिळाला तर तुळई दोन-तीन फूट लांब घ्यावी लागली तरी घ्यावी. तो सौदा नेहमी आपल्या फायद्याचा असतो.

मधोमध खांब का नको, हे मला किंमत मोजून कळलं. वाहत्या पाण्यात काहीही उभं केलं की पाणी त्याच्यावर आदळून खाली वळतं आणि त्याच्या पायाशी भोवरा करून तळ उकरतं. पूर जितका मोठा, तितका खड्डा खोल. आणखी वाईट गोष्ट ही की पूर ओसरताना वाळू आणि गोटे पुन्हा त्या खड्ड्यात भरतात. सकाळी बघणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो. भरलेली वाळू मात्र सैल असते. तिच्यावर खांब फक्त टेकलेला असतो. पुढचा पूर त्याला तिथूनच उचलतो. माझा खांब पहिल्या दोन पावसाळ्यांत शाबूत दिसत होता, पण तो पहिल्या वर्षीच पोकळ जमिनीवर उभा असणार.

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो. सेकंदाला दोन मीटरच्या प्रवाहात आडव्या येणाऱ्या चपट्या वस्तूवर दर चौरस मीटरला साधारण ३०० किलोंचा रेटा येतो. वेग तीन मीटर झाला की तोच ७०० किलोंवर जातो. गोटे हलवण्याची पाण्याची ताकद त्याहून भयंकर चढते: वेग दुप्पट झाला तर पाणी चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकतं. एरवी पोरं ज्या धोंड्यावर बसून मासे पकडतात, तो एका रात्रीत शंभर पावलं खाली का जातो, याचं उत्तर या आकड्यात आहे. आणि रानातला व्हाळ नुसतं पाणी आणत नाही. तो बांबूची बेटं, मोडलेल्या फांद्या, माडाच्या झावळ्या आणतो. हे सगळं खांबाला आणि तुळयांना येऊन बिलगतं, आणि बघता बघता पुलाच्या जागी बंधारा होतो. पाच मीटर रुंद आणि मीटरभर उंच असा कचऱ्याचा पडदा तयार झाला की दोन मीटरच्या वेगानेही त्यावर दीड टन रेटा येतो. याच पुलावरून शेणखताची पाटी घेऊन जाणारं माणूस पाटीसकट सव्वाशे किलोंच्या आत भरतं. पूल कोणासाठी मजबूत करायचा, हे या दोन आकड्यांवरून ठरवावं.

मोठे पूलही याला अपवाद नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षं ज्या पुलाने अवजड वाहनं पेलली, तो पूर आलेल्या रात्री गेला. कोकणात राहणाऱ्या कोणालाही त्या रात्रीचं नाव घेताना आवाज खाली आणावा लागतो. घरच्या साकवावरून कोणी एसटी नेणार नाही, पण शाळेला निघालेली पोरं नक्की जाणार आहेत.

म्हणून आधार काठावरच, आणि काठाच्या थोडा मागे. कातळ असेल तर त्यावर छिन्नीने सपाट बैठक काढायची. नसेल तर माती संपून घट्ट मुरूम किंवा दगड लागेपर्यंत खणायचं. पात्राच्या तळाच्या खाली गेल्याशिवाय थांबायचं नाही, नाहीतर पाणी पायाच्या खालून वाट काढेल. त्यावर भिंत. आमच्याकडे जांभ्याचा चिरा मिळतो. तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत राहून घट्ट होतो, त्यामुळे ताजा चिरा लगेच पाण्यात घालू नये. पाण्याचा मार सतत बसणार असेल तिथे काळा दगड बरा. गडगा घालणाऱ्या माणसाकडून इथे खूप शिकण्यासारखं आहे: प्रत्येक दगड दोन दगडांवर बसवायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि भिंत वर जाताना किंचित मागे, काठाकडे कलती न्यायची. सिमेंटने बांधलीत तर पाणी निघायला भोकं ठेवा. पावसात भिंतीमागची माती फुगते, तिच्यातलं पाणी कोंडलं की ते भिंतीला पुढे ढकलतं. सुक्या गडग्याला ही भोकं ठेवावी लागत नाहीत, तो सगळाच भोकांचा असतो; आमच्याकडचे जुने गडगे इतकी वर्षं उभे आहेत त्याचं हे एक कारण आहे. भिंतीच्या मागे माती न लोटता हातभर रुंदीत गोटे भरावेत. आणि भिंतीच्या वरच्या अंगाला, प्रवाह ज्या दिशेने येतो तिकडे, काठात शिरणारा एक तिरपा पंख काढावा, म्हणजे पाणी भिंतीला वळसा घालून मागून काठ कापणार नाही. माझा चार हात काठ गेला तो तसाच गेला.

एवढं झालं की आता वासा.

आजोबांची पोफळ मी बरीच वर्षं गरिबीची सोय समजत होतो. नंतर कळलं की ती किती शहाणी निवड होती. तुळईवर माणूस उभा राहिला की तुळई किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या भागावर जवळजवळ काहीच ताण येत नाही. पोफळीचं आणि माडाचं खोड नेमकं असंच घडलेलं असतं. त्यांच्यात साग-ऐनासारखी वर्षाची वलयं नसतात; कठीण दोरे सालीकडे दाटलेले असतात, पोटात भुसभुशीत भेंड. म्हणजे ताकद जिथे लागते तिथेच आहे. भेरली माडाचं तर बाहेरचं लाकूड इतकं टणक असतं की पोट कोरून त्याच्या पन्हळी करतात आणि बागेला पाणी देतात. मात्र या खोडांचं पोट पाणी धरतं, दोन-तीन पावसांत कुजतं. म्हणूनच आजोबा ती दर वर्षी काढून सुकवायचे, आणि तरीही तिसऱ्या वर्षी बदलायचे. खोडं टाकताना एकाचा बुंधा अलीकडे आणि दुसऱ्याचा पलीकडे, अशी उलटसुलट टाकायचे. गोल वाशाची ताकद जाडीच्या घनाच्या हिशेबात वाढते: बारा सेंटिमीटरऐवजी पंधरा सेंटिमीटर जाडी घेतली तर वासा जवळजवळ दुप्पट भार घेतो. शेंडा बारीक असतो, म्हणून दोन्ही शेंडे एकाच काठाला आले तर ती बाजू अधू राहते.

चौकोनी तुळईचा नियम आणखी उपयोगी आहे. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर चौपट, आणि ताठपणा आठपट. म्हणून चार इंच बाय आठ इंचाची तुळई नेहमी उभी ठेवायची. तीच आडवी झोपवली तर ताकद निम्मी आणि ताठपणा पाव. लांबीचा नियम याच्या उलट, आणि कठोर. अंतर दुप्पट झालं की मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच माणसाखाली तीच तुळई आठपट झुकते. तीन मीटरच्या साकवावर यश मिळालेला माणूस त्याच मापाने सहा मीटरचा बांधायला जातो, तेव्हा फसतो.

एक प्रत्यक्ष हिशेब मांडतो. काठांवरच्या आधारांमधलं अंतर पाच मीटर, रुंदी एक मीटर. पुलावर दाटीने माणसं उभी राहिली तर दर चौरस मीटरला ४०० किलो धरावेत, म्हणजे एकूण दोन टन. घरच्या साकवावर एवढी गर्दी कधी होणार, असं वाटेल. गणपती नेताना होते. दहा बाय वीस सेंटिमीटरच्या सागाच्या दोन निरोगी तुळया उभ्या ठेवल्या तर हा भार त्या घेतात, ओल्या लाकडाची कमी झालेली ताकद धरूनही. पण दोन तुळया पूर्ण भाराखाली मध्ये अडीच सेंटिमीटर झुकतील, आणि पुलाचं स्वतःचं वजन धरलं तर हाताशी फारसं काही उरत नाही. एवढा झुकाव पुलाला चालेल, माणसाला चालत नाही. पायाखाली हलणाऱ्या लाकडावर बाईमाणूस डोक्यावर भार घेऊन निर्धास्त चालू शकत नाही. म्हणून तीन तुळया घ्याव्यात. झुकाव पावणेदोन सेंटिमीटरांवर येतो, आणि एक तुळई कुजायला लागली तर कळून बदलेपर्यंत बाकी दोघी धरून ठेवतात. दोन्ही बाजूंना चाळीस चाळीस सेंटिमीटर टेकण धरलं तर प्रत्येक तुळई ५.८ मीटर लांब आणि सुमारे पंच्याहत्तर किलो वजनाची होते. चार माणसं ती पात्रातून उचलून नेतात. पाचवा माणूस सूचना देण्यापेक्षा पलीकडच्या काठावर दोरी धरून उभा राहिलेला बरा.

साग महाग पडतो. ऐन आणि किंजळ चालतात, दोन्ही जड आणि चिवट. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं, पूर्वी विहिरीच्या तळाशी त्याचं कडं घालत. आंबा आणि फणस मात्र पावसात उघड्यावर ठेवू नयेत. फणस घरात दीडशे वर्षं उभा राहील, व्हाळावर नाही. कोणतंही लाकूड घेतलं तरी गाभ्याचं घ्यावं. बाहेरच्या पांढऱ्या थरात पिष्ट असतं, कीड आणि बुरशी आधी तिथे शिरतात. बांबूचंही तेच. त्याच्यातलं पिष्ट कमी करायला कोकणात तो तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, आणि हा उपाय खरोखर काम करतो. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतो, कठड्यासाठी त्याहून चांगलं काही नाही.

आपलं झाड आहे म्हणून आपण तोडू शकतो, असं मात्र नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडं तोडण्यासंबंधीच्या कायद्याने साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही आणि आणखी काही झाडं खाजगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. व्हाळाचं पात्रही सहसा सातबाऱ्यावर आपलं नसतं. १९६६ च्या जमीन महसूल कायद्यानुसार नद्या-नाले आणि त्यांचे तळ, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, सरकारचे असतात. तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला आधी विचारावं. आणि खालच्या अंगाला ज्याची शेती आहे त्याला तर सगळ्यांच्या आधी विचारावं, कारण आपला पूल सुटला तर त्याच्या कुणग्यात जाऊन बसणार आहे.

लाकूड पाण्याने कुजत नाही, ते पाणी अडकून राहिल्याने कुजतं. बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओल लागते. भिजलं आणि सुकलं, पुन्हा भिजलं आणि सुकलं, तर चांगलं लाकूड बरीच वर्षं काढतं. अडतं ते तीन ठिकाणी: तुळईची टोकं, तुळई आणि फळी यांच्यामधला सांधा, आणि खिळ्याचं भोक. टोकांशी लाकडाचे दोरे उघडे असतात आणि ते वातीसारखं पाणी ओढतात, म्हणून टोक मातीत कधी पुरू नये. दगडावर टेकवावं, मागे चार बोटं हवा खेळती ठेवावी. तुळयांच्या माथ्यावर डांबरी कागदाची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी, दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर येईल अशी, ठोकून मग फळ्या घातल्या की तुळईचं आयुष्य वाढतं. फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट हवी. काजूच्या टरफलांचं तेल हा आमच्याकडचा जुना लेप. होड्यांनाही तेच लावतात. ते लावताना हातमोजे घालावेत, अंगावर उडालं तर कातडी सोलून निघते. आणि तुळईच्या मधल्या भागात खालच्या बाजूला खाच किंवा भोक कधीही घेऊ नये. तिथे ताण सगळ्यात जास्त असतो. एक खाच अख्ख्या तुळईला खाचेवर उरलेल्या उंचीएवढीच करून टाकते.

पावसाळ्यात दुसरा शत्रू शेवाळ. जुलैत ओली फळी साबणासारखी होते. फळ्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून बारीक खिळ्यांनी मारली की पाय धरतो. कठडा दोन्ही बाजूंना, मोठ्या माणसाच्या कमरेच्या थोडा वर, आणि मध्ये मुलांच्या उंचीचा आणखी एक आडवा. जुन्या साकवाला एकच आडवा असायचा, तो हात टेकायला. आज पोरं पाठीवर दप्तर घेऊन पळत जातात, त्यांना एक पुरत नाही.

आता एक गोष्ट, जी मी पहिल्या पुलाला केली नव्हती आणि दुसऱ्याला केली. लाकूड तरंगतं. वर सांगितलेल्या मापाचा साकव, फळ्यांसकट, साधारण अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त होतो. तो पूर्ण बुडाला तर पाणी त्याला जवळजवळ दोनशे किलोंच्या जोराने वर उचलतं. खाली घट्ट बांधून ठेवला तर कचरा अडतो आणि मग पाणी पुलाबरोबर भिंतही नेतं. सगळा मोकळा ठेवला तर नुसता पूल जातो. मधला रस्ता असा: एका काठाला, प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या मोठ्या झाडाला, तुळयांची टोकं जाड साखळीने बांधायची. दुसऱ्या काठाला फक्त दोन लाकडी खुंट्या, नेहमीच्या चालण्याने पूल सरकू नये एवढ्यासाठी. पाणी पुलावर चढलंच तर खुंट्या मोडतात, पूल दारासारखा फिरतो आणि काठाला लागून पडून राहतो. पाणी ओसरलं की चार माणसांनी तो पुन्हा जागेवर आणायचा. आजोबांच्या दोन खोडांनाही असाच काथ्याचा दोर असायचा, उंबराला बांधलेला. मी तो लहानपणी पाहिला होता, पण तो कशासाठी आहे हे कधी विचारलं नाही.

साकव कुठे थांबावा हेही सांगायला हवं. भरलेली पिकअप गाडी तीन टनांच्या घरात जाते आणि तिचं ओझं चार चाकांखाली एकवटतं. गाडी न्यायची असेल तर हे प्रकरण बाजूला ठेवून स्थापत्य अभियंत्याकडे जावं. सिमेंटचे पाइप टाकून वर माती लोटण्याचा उपाय स्वस्त दिसतो. पण वर काढलेल्या आपल्या पुराला वाट द्यायची तर दोन फुटी पाइप पंधरा लागतील. लोक तीन टाकतात, आणि पहिल्याच पावसात त्यातले दोन पाल्याने बुजतात. अंतर आठ-दहा मीटरच्या पुढे गेलं तर लाकडी तुळईचा नाद सोडावा. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या सुळ्यचे अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ मध्ये अरंबूर इथे पयस्विनी नदीवर तारांवर लोंबता पादचारी पूल बांधला, आणि पुढे असे शंभराहून जास्त पूल अनेक राज्यांतल्या तुटलेल्या गावांसाठी उभे केले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यासारख्याच पाऊसवाड्यांतला तो माणूस, आणि त्याने काठ न सोडता पाण्याला पूर्ण वाट मोकळी ठेवली.

मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांनी याहून वेगळं उत्तर शोधलं. तिथला पाऊस आपल्या आंबोलीलाही मागे टाकतो; कापलेलं लाकूड त्यात लवकर कुजतं. म्हणून त्यांनी न कापलेलं लाकूड वापरलं. काठावर रबराचा वड लावायचा, त्याची मुळं पोकळ केलेल्या पोफळीच्या खोडांतून पलीकडच्या काठापर्यंत न्यायची आणि तिथल्या जमिनीत रुजू द्यायची. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. पुढे तो कुजण्याऐवजी दर वर्षी अधिक जाड होतो, आणि त्याची मुळं काठही धरून ठेवतात. नाँगरियात गावातला एकावर एक असा दुहेरी पूल पाहायला आज जगभरातून लोक जातात. पोफळ तिथेही आहे, आमच्यासारखीच व्हाळावर आडवी टाकलेली. फक्त ती तिथे स्वतः पूल होत नाही, मुळांना वाट दाखवून कुजून जाते.

माझा दुसरा साकव पहिल्यापेक्षा दोन हात वर आहे, त्यामुळे दोन्ही काठांना चार चार पायऱ्या चढाव्या लागतात. मध्ये खांब नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आंब्याची घाई असली तरी एक सकाळ काढून, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्याखाली उतरतो आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला टोचून बघतो. चांगल्या लाकडात टोक शिरत नाही. गेल्या वर्षी उजवीकडच्या तुळईत ते पाव इंच शिरलं. ऐनाची नवी तुळई मांगराच्या पडवीत, पूर्वी पोफळीची खोडं असायची त्याच जागी, सावलीत सुकत ठेवली आहे.